बायडाबाईचं आवतन

पिंपळदऱ्यात कुणाकडे कार्य निघालं की बायडाबाईला बोलावणं जायचं, आणि मग बायडाबाई सगळ्या गावाला बोलवायची. हे काम तिला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती शेजारच्या बारशाचं आवतन सांगायला गेली. त्या बारशाला इतक्या बाया जमल्या की पाळणा ओसरीतून अंगणात आणावा लागला. तेव्हापासून आवतन तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच. गावात असंच होतं. एखादीनं एकदा चांगलं काम केलं की ते जन्मभर तिचंच.

तिची पद्धत ठरलेली होती. दारात उभं राहायचं. बसायचं नाही, चहा घ्यायचा नाही, कारण एका घरी घेतला की सगळ्या घरी घ्यावा लागतो आणि चौथ्या घरी पित्त खवळतं. कुंकू लावायचं. जिला कुंकू लावता येत नाही तिच्या हातावर सुपारी ठेवायची. बौद्धवाड्यात या दोन्ही गोष्टींचं काम नाही, तिथं नुसते हात जोडायचे. काय आहे आणि कधी आहे ते सांगायचं, आणि शेवटी म्हणायचं, "येते म्हण." समोरची "बघते" म्हणाली तर बायडाबाई हलत नसे. पाठीवर पोर असो, चुलीवर दूध उतू जात असो, ही उंबऱ्यावर उभीच. बघते नव्हे, येते म्हण. एकदा तोंडातून 'येते' गेलं की ती बाई येणार. नाही आली तर पुढच्या वेळी बायडाबाई दारात उभी राहिली की तिला मान वर करता यायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात राजकारण कुठं आलं. सांगतो.

बायडाबाईचा नवरा बाळासो तरुणपणी दारू प्यायचा. थोडीथोडकी नव्हे. गावात शाळेच्या खालच्या अंगाला देशी दारूचं दुकान होतं आणि बाळासोचं तिथं आणि घरी असं दोन्हीकडे बिऱ्हाड होतं म्हटलं तरी चालेल. घरातली परातसुद्धा गेली. बायडाबाईनं पोराला कुशीत घेऊन भाकरी ताटलीत थापल्या, पण माहेरी गेली नाही. पुढं एका वर्षी जावळी तालुक्यात दारूबंदीचं वारं आलं. गावागावांतल्या बाया अर्ज करत होत्या, साहेब येत होते, मतदान लागत होतं. मत फक्त बायांचं. चिठ्ठीवर दोन चित्रं असायची, एक उभी बाटली आणि एक आडवी. आडवीवर शिक्का मारला म्हणजे दुकान बंद करा. पण नियमात एक मेख होती. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या बाया पुरत नव्हत्या, गावच्या मतदार यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त लागायच्या. म्हणजे जी घरी बसली तिनं उभ्या बाटलीलाच मत दिल्यासारखं होतं. ती मेली असो, मुंबईला असो नाहीतर शेळीला पाला घालत असो, गैरहजर बाई बाटलीच्या बाजूची.

बायडाबाईला नियम कळला तो एवढाच, की सगळ्यांना आणायचं आहे. हे तिला येत होतं. लग्नाचं देतात तसं तिनं मतदानाचं आवतन दिलं, कुंकू-सुपारी घेऊन, दार न चुकवता. मतदानाच्या दिवशी भात लावणीतल्या बाया चिखलाच्या हातांनी आल्या आणि चिठ्ठीवर चिखल लागला म्हणून साहेब कुरकुरले. बाटली आडवी झाली. दुकानाला कुलूप लागलं.

बाळासोनं दारू सोडली असं गाव म्हणतं. तो स्वतः तसं कधीच म्हणाला नाही. "ती लांब गेली," एवढंच म्हणायचा. जवळचं दुकान मेढ्याला, मेढ्याला जायला एसटी, आणि एसटीची वाट बघत उभं राहण्याचा बाळासोला लहानपणापासून कंटाळा. त्या कंटाळ्यानं हा संसार वाचवला. कुठल्याही देवाला नवस न करता माणूस शुद्धीवर आला, म्हशी पाळल्या, सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन डेअरीला जायला लागला. पुढं मुलगा प्रथमेश शिकला, शिरवळच्या कंपनीत लागला, म्हसवडकडची अक्षता सून होऊन आली. बायडाबाईनं नवी परात घेतली. बरी चालली होती गाडी.

मग घाटाचा रस्ता रुंद झाला. वर हवा खायला जाणाऱ्यांच्या गाड्या वाढल्या, आणि पिंपळदऱ्याच्या फाट्यावर एक दिवस पत्र्याचं नवं दारूचं दुकान उभं राहिलं. कुठल्यातरी बंद पडलेल्या दुकानाचा परवाना इकडं आला म्हणे. ग्रामसभेत ठराव झाला म्हणतात, पण त्या ग्रामसभेला कोण होतं ते कुणाला आठवत नाही. दुकान बघायला जयराज नावाचा मालकाचा भाचा होता. बोलायला गोड, भेटेल त्याला काका-मामा म्हणणारा. डेअरी फाट्याच्या पलीकडं. म्हणजे बाळासोला कॅन घेऊन रोज दोनदा त्या दुकानापुढून जाणं आलं आणि दोनदा येणं आलं.

पावसाळाभर तो मान दुसरीकडं करून गेला. मग एका संध्याकाळी डेअरीहून आला, रिकामा कॅन पायरीवर ठेवला आणि तिथंच बसला. बायडाबाईनं तोंडाचा वास घ्यायला नको म्हणून मुद्दाम लांबून विचारलं, काय झालं. 

"प्यालो न्हाई," तो म्हणाला. "पर उभा राहिलो हुतो. जयराज म्हनला, या मामा, बसा, आणि मी कॅन खाली ठेवला. आगं, तेवढी बाटली परत आडवी कर. माझ्या पायांचा मला भरवसा न्हाई."

चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं बायकोकडं काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं. न विचारता घेतलेलं पुष्कळ आठवत होतं. तिला रडू आलं आणि त्याच वेळी फार दमल्यासारखंही झालं. परत? परत तेच सगळं? तेव्हा गुडघे होते. आता जिना उतरताना ती कठड्याला धरून आडवी उतरायची, आणि गाव तर डोंगराच्या अंगावर चार वाड्यांत सांडलेलं. पण मागणारा आपला माणूस होता आणि मागणं योग्य होतं. ती म्हणाली, "बघते." स्वतःच्याच तोंडून 'बघते' आलेलं ऐकून तिला कसंसंच झालं, पण ती दुरुस्त करायला गेली नाही.

अक्षतानं मात्र कंबर कसली. पोरगी हुशार आणि मनानं चांगली, तिच्यावर कुणी बोट ठेवू नये. तिनं अर्ज लिहिला, बचत गटातल्या बायांना धरून सह्या गोळा केल्या, साहेब येऊन सह्या पडताळून गेले. दसरा झाला आणि मतदानाची तारीख लागली. अक्षतानं फोनवर ग्रुप काढला. त्यात गावातल्या होत्या, शिरवळला कंपनीत कामाला जाणाऱ्या होत्या, मुंबई-पुण्याला राहणाऱ्या पण नाव गावातच असलेल्याही होत्या. ग्रुपच्या चित्रावर उभी बाटली आणि तिच्यावर लाल काट. दिवसभर फोन टुणटुण वाजायचा. कुणी हात जोडायचं, कुणी मूठ दाखवायचं, कुणी आपल्या फोटोभोवती 'आडवी बाटली' असं गोल लिहून घ्यायचं. जिच्या तोंडून ग्रामसभेत कधी शब्द फुटला नाही ती बाई ग्रुपवर दारूबंदीवर पान-पानभर लिहायला लागली. नवऱ्यापुढं जे बोलता येत नव्हतं ते तिथं बोलता येत होतं. हेही खरंच आहे आणि ते सांगायलाच पाहिजे.

एका दुपारी अक्षतानं सासूला अंगणात बसवून मागच्या मतदानाची हकिकत सांगायला लावली आणि फोनवर घेतली. चिखलाच्या हाताच्या बाया, कुरकुरणारे साहेब, सगळं. तो व्हिडिओ सुटला तो सुटलाच. साताऱ्याहून फोन आले, सांगलीच्या कुणा बाईनं 'आज्जी, सलाम' लिहिलं, सोलापूरकडच्या कुणी आपल्या गावी भाषणाला या म्हटलं. बायडाबाईला मजा वाटली. आरशात बघून तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, न जाणो परत कुणी फोन धरला तर. एवढ्या जगानं बाटली आडवी करायचं मनावर घेतल्यावर आपल्या गावाचं काय, असं तिला वाटलं. त्या सलाम करणाऱ्यांतली एकही बाई पिंपळदऱ्याच्या यादीत नव्हती, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही. अक्षताच्याही नाही.

मग आली लिंक. कुठवर मजल गेली ते कळावं म्हणून अक्षतानं ती केली होती. उघडली की दोन चित्रं दिसायची, उभी बाटली आणि आडवी बाटली. नाव घालायचं, चित्रावर बोट ठेवायचं, की खाली हिरवी पट्टी पुढं सरकायची. शिरवळच्या मुलींनी जेवणाच्या सुटीत दाबलं. मुंबईच्यांनी दाबलं. हिरवी पट्टी सरसर पळायला लागली. जयराजनंसुद्धा ती लिंक गावच्या मोठ्या ग्रुपवर पुढं पाठवली आणि खाली लिहिलं, 'माता-भगिनींनो, आपलं मत नक्की नोंदवा.' बायडाबाईनं विचारलं, हा कशाला पाठवतोय. अक्षता हसली आणि म्हणाली, वारं कुठं आहे ते कळलं असेल त्याला. तिथं दोघी चुकल्या. ज्याला मतं पडूच नयेत एवढंच हवं असतं, तो माणूस कशाकशाला मदत करील सांगता येत नाही.

राहिल्या बिनफोनच्या म्हाताऱ्या. त्यांना सोडून कसं चालेल, म्हणून अक्षता स्वतः फोन घेऊन वाड्यावाड्यांतून गेली. म्हातारीला चित्र दाखवायचं, नाव आपण घालायचं, म्हातारीचं बोट धरून आडव्या बाटलीवर टेकवायचं. आपल्यातली कुणी मागं राहू नये, एवढंच तिच्या मनात होतं. घरी आली तेव्हा तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या आणि पट्टी निम्म्याच्या कितीतरी पुढं गेली होती.

बायडाबाईनं त्याच आठवड्यात कुंकवाचा करंडा फडताळातून काढून ठेवला होता. सुपाऱ्याही आणल्या होत्या. अक्षतानं ते पाहिलं आणि मायेनंच म्हणाली, "आत्या, आता कशाला गुडघे झिजवताय? पट्टी बघा की. एवढ्या जणींनी सांगितलंय." बायडाबाईनं पट्टी पाहिली. हिरवीगार होती. मग तिनं आपल्या गुडघ्यांकडं पाहिलं. खरं सांगायचं तर तिला त्या पट्टीवर विश्वास बसला म्हणून ती थांबली नाही, ती दमली होती म्हणून तिचा विश्वास बसला. माणूस दमलं की पहिली दिसेल ती खुर्ची चांगली वाटते. तिनं करंडा परत फडताळात ठेवला आणि त्या रात्री तिला छान झोप लागली.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी बाळासोनं विचारलं, आवतन फिरलं का. फोनवरून फिरलंय, ती म्हणाली.  त्यानं कॅन धुऊन पालथा घातला आणि आत गेला.

बुधवार होता. शाळेच्या एका खोलीत टेबल, पडदा, पेटी, बाहेर दोन पोलीस. सकाळी बचत गटाच्या बाया नटूनथटून आल्या, शिक्का मारून आल्या, शाई लावलेलं बोट वर करून फोटो काढले. ते फोटो ग्रुपवर गेले आणि त्यावर हातांचा आणि फुलांचा पाऊस पडला. दहाच्या सुमाराला रांग संपली. बायडाबाई शाळेच्या पायरीवर बसून होती. अकरा वाजले, बारा वाजले, तुरळक बाई यायची आणि जायची. पोलीस फोन बघत होते. आतल्या साहेबांनी डबा उघडला.  तिनं आयुष्यात एवढी कार्यं पाहिली होती की मांडव भरणार की नाही हे तिला पहिल्या पंगतीवरून कळायचं.

अक्षता फोनवर फोन लावत होती. शिरवळच्या मुली म्हणाल्या, सुटी मिळाली नाही, पण आमचा पाठिंबा आहेच, आम्ही पहिल्याच दिवशी दाबलंय. मुंबईची एक म्हणाली, अगं यायचं होतं का प्रत्यक्ष? मला वाटलं झालं ते. अक्षताचा चेहरा उतरत गेला. मुंबई-शिरवळचं जाऊ द्या, पण गावातल्या म्हाताऱ्या कुठं आहेत? त्या तर कुठं जाणाऱ्या नव्हत्या. बायडाबाई उठली. अक्षताला तिनं खालच्या वाडीला पळवलं आणि आपण वरच्या वाडीची दगडी पायऱ्यांची पाखाडी धरली. एकेका दगडावर दोन्ही पाय टेकवत, मांडीवर हात रेटत ती चढली.

वरच्या वाडीत पहिलं घर साळूबाईचं. साळूबाई म्हणजे बायडाबाईहून दहा-बारा वर्षांनी थोरली. मागच्या मतदानाला चिखलाच्या हातानं शिक्का मारलेल्यांतली. तिचा नातू हल्ली फाट्यावरून झिंगून यायचा आणि म्हातारीची काठी लपवून ठेवायचा. गावात बाटली आडवी व्हायची सगळ्यात जास्त गरज कुणाला असेल तर तिला. ती अंगणात वाल सोलत बसली होती, अगदी निवांत.

"काकी, मतदानाला आली न्हाईस?" बायडाबाईनं धापा टाकत विचारलं.

"मी दिलंय की," साळूबाई म्हणाली. "तुझी सून आली हुती न्हवं का परवादिशी. अंगठा लावला म्या. आडव्या बाटलीवरच लावला बरं का, नीट बघून."

बायडाबाई खाली बसली. कुणाच्या दारात न बसण्याचा तिचा नेम जन्मात पहिल्यांदा मोडला. आता काय झालं ते तिला एकदम लख्ख दिसलं. या म्हाताऱ्यांचा रेशनचा तांदूळ अंगठ्यावर मिळतो. निराधारचा पगार अंगठ्यावर. ती हयात आहे हेसुद्धा अंगठ्यावर ठरतं. शिकलेली पोरगी घरी येते, काच पुढं धरते, बोट टेकवायला लावते, म्हणजे ते सरकारचं काम झालं, आणखी काय असतं? त्यात चित्रंही तीच, उभी आणि आडवी. या घरबसल्या मत देऊन मोकळ्या झाल्या होत्या. वाडीतल्या बाकीच्याही तशाच बसल्या असणार, वाल सोलत.

तिनं समजावलं. ते मत नव्हतं, ती नुसती चाचणी होती, खरं मत शाळेत आहे. साळूबाई ऐकेना. तिला भीती पडली होती.

"दोनदा दिलं तर बाद हुतंय. आन पोलीस धरत्यात. मला ठावं हाय. ह्या वयात कशाला गं मला कोर्टात उभी करतीस?"

"काकी, माझ्या गळ्याची आण. येते म्हण."

साळूबाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. ते दोन शब्द तिनं चाळीस वर्षं ऐकले होते. "आगं, मग आधीच यायचं की तू," ती म्हणाली. रागानं नाही, सहज. "तू आली न्हाईस म्हून मला वाटलं, ह्या खेपेला जायचं नसंल."

मग वाल बाजूला सारून ती 'येते' म्हणाली आणि बायडाबाईनं तिची काठी शोधायला घेतली. 

काठी सापडेना. नातवानं कुठं टाकली देव जाणे. वाडीत अजून घरं होती आणि वेळ पाचपर्यंतच होता. साळूबाईला सोडून पुढच्या दारांना जावं तर ही शाळेपर्यंत पोचणार नाही, हिला धरून न्यावं तर ती दारं राहतात. बायडाबाईनं वाटेतल्या घरांना हाका मारल्या, जिला जमेल तिनं निघा म्हणून सांगितलं, आणि साळूबाईला काखेत धरलं. जी 'येते' म्हणाली तिला सोडून कशी जाणार? दोघी पाखाडी उतरायला लागल्या. कुणाचा गुडघा कुणाला सावरतोय ते कळत नव्हतं. हाका ऐकून दोघी-तिघी मागून आल्या, बाकीच्यांनी दारातून हात हलवला आणि म्हणाल्या, आमचं झालंय. अक्षताही खालच्या वाडीतून मोजक्याच बाया घेऊन आली. साळूबाईनं शिक्का मारला तेव्हा साहेब घड्याळ बघत होते.

मोजायला फार वेळ लागला नाही. आडवीला ढीगभर मतं, उभीला चिमूटभर. तरी बाटली उभी राहिली. यादीच्या निम्म्याला एकोणीस कमी पडली. आता वर्षभर पुन्हा मागता येणार नाही, असं साहेबांनी समजावून सांगितलं. आवाजात त्यांच्याही कीव होती, पण कीव मोजत नाहीत. फाट्यावर जयराजनं फटाके उडवले नाहीत. भेटला तेव्हा मामी म्हणून नमस्कारच केला.

ग्रुपवर रडकी तोंडं आली. हात जोडलेले आले. 'हारलो नाही, शिकलो' असं कुणीतरी लिहिलं आणि त्याला सगळ्यात जास्त अंगठे मिळाले. मुंबईच्या एकीनं गावातल्या बायांना जाग नाही म्हणून चार खडे बोल सुनावले. अक्षता चुलीपुढं बसून हमसून हमसून रडत होती. मीच फिरले फोन घेऊन, मीच त्यांची बोटं टेकवली, म्हणत होती. बायडाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. ओरडायला तिच्यात त्राण नव्हतं, आणि ओरडायचं तर आधी स्वतःवर ओरडावं लागलं असतं.

"तू पाठिंबा इचारलास, त्यो त्यांनी दिला," ती म्हणाली. "खोटं कुणी बोललं न्हाई गं. येशील का म्हून कुणी इचारलंच न्हाई. ते माझं काम हुतं."

बाळासो ओसरीवर होता. त्याला निकाल कळला होता. कुणी सांगितला नव्हता, पण ज्या पायांनी बायडाबाई आली त्या पायांवरून त्याला कळला. त्यानं बायकोला बोल लावला नाही. लावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

सकाळी म्हशींचं दूध निघालं. कॅन भरला. बाळासो सवयीनं चपला घालायला वाकला आणि तसाच थांबला. बायडाबाई मोरीतून पदर खोचत आली, कॅनची कडी धरली आणि उचलला. जड होता. ती एका बाजूला कलली, मग सावरली.

"तुला जमायचं न्हाई," तो म्हणाला. "गुडघं बघ की जरा."

"जमंल."

"दोन्ही येळंला?"

"दोन्ही येळंला."

"वरीसभर?" त्याचा आवाज बारीक झाला होता.

 अंगणातून बाहेर पडताना बायडाबाई वळली. तो पायरीवर बसला होता, चपला हातात घेऊन, शाळेत न गेलेल्या पोरासारखा. तिनं कॅन खाली ठेवला नाही, कारण ठेवला तर परत उचलवेल की नाही याची खात्री नव्हती.

"हितंच बसतो म्हना," ती म्हणाली.

"बघतो," बाळासो म्हणाला.

बायडाबाई हलली नाही. कडी बोटांत रुतत होती, गुडघा ठणकत होता, डेअरीची वेळ चालली होती. ती दारात उभी राहिली.

"बघतो न्हवं."

 मग त्यानं चपला पायरीखाली सरकवल्या.

"बसतो," तो म्हणाला, तेव्हा ती फाट्याच्या रस्त्याला लागली.